चिको मेंडिस : करवतीपुढे उभा राहिलेला मजूर पुढारी

चळवळीच्या वाचकांना मार्टिन ल्यूथर किंग ठाऊक आहेत, नेल्सन मंडेला ठाऊक आहेत. परंतु दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशाच्या एका कोपऱ्यात, बोलिव्हियाच्या सरहद्दीला लागून असलेल्या आक्रे राज्यात, रबराच्या झाडांचा चीक काढणाऱ्या मजुरांची संघटना बांधणाऱ्या आणि त्यापायी २२ डिसेंबर १९८८ रोजी गोळी झेलणाऱ्या चिको मेंडिस यांचे नाव घेतले की समोरचा आमच्या तोंडाकडे पाहतो. (तिकडे शिको असा उच्चार करतात. आपल्याकडे चिको रूढ झाले, म्हणून आम्हीही तेच लिहितो.) ज्या थोड्यांना हे नाव माहीत आहे त्यांना ते झाडांवर प्रेम करणारा एक सज्जन म्हणून माहीत आहे. हा घोटाळा आधी दूर केला पाहिजे. चिको मेंडिस हे कामगार संघटनेचे पुढारी होते. झाडे वाचवण्याआधी त्यांना माणसे वाचवायची होती. माणसे वाचवायची तर झाडे तोडून चालणार नाहीत, हे त्यांना पोटाच्या अनुभवातून कळले होते, कोणत्याही परिसंवादातून नव्हे.

त्यांचे संपूर्ण नाव फ्रान्सिस्को आल्व्हेस मेंडिस फिल्यो. १५ डिसेंबर १९४४ रोजी शापुरी गावाजवळच्या एका रबर-जंगलात त्यांचा जन्म झाला. त्यांचे पूर्वज ईशान्य ब्राझीलच्या दुष्काळी सेआरा प्रांतातून पोट भरायला आलेले. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात रबराचे झाड आपोआप उगवते आणि एकेकाळी साऱ्या जगाला रबर तिथूनच जायचे. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने त्या झाडाचे बी लंडनला नेले, पुढे ते मलायात रुजले आणि ब्रिटिशांचे मळे उभे राहिले. १९१२ नंतर अ‍ॅमेझॉनच्या रबराचा भाव कोसळला. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतला तेव्हा अमेरिकेला पुन्हा या जंगलाची आठवण झाली. त्या वेळी ईशान्येतल्या उपाशी माणसांना रबराचे शिपाई असे भारदस्त नाव देऊन हजारोंच्या संख्येने जंगलात पाठवले गेले. युद्ध संपले, शिपाई विसरले गेले. कित्येक हजार माणसे रोगराईने मेली, उरलेली कर्जात अडकून तिथेच राहिली.

हे कर्ज म्हणजे काय, ते आमच्या वाचकांना फार फोड करून सांगावे लागणार नाही. मजूर जंगलात पाऊल ठेवतो तेव्हाच मालकाच्या वहीत त्याच्या नावावर प्रवासखर्च, बंदूक, चाकू, मीठ, रॉकेल मांडलेले असते. रबर मालकालाच विकायचे आणि सामान मालकाच्याच दुकानातून घ्यायचे. रबराचा भाव मालक ठरवणार, मिठाचा भावही मालकच ठरवणार, वजनकाटाही त्याचाच. वर रबराच्या झाडांचे भाडे. अनेक ठिकाणी मजुराला स्वतःचे पीक घ्यायलाही बंदी होती, कारण घरचे धान्य पिकले तर दुकानातले कोण घेणार? आणि या सगळ्यावर कळस म्हणजे जंगलात शाळा नाही. शाळा काढायचीच नाही, हे मालकांचे धोरण होते. मजुराला वाचता आले तर तो वही वाचेल. आपल्याकडच्या सालदाराने आणि वेठबिगाराने अंगठा उठवला तो अशाच वहीवर.

नऊ-दहा वर्षांच्या वयात चिको बापाबरोबर चीक काढायला जाऊ लागले. पहाटेच्या अंधारात डोक्याला पत्र्याचा छोटा दिवा बांधून निघायचे. त्या दिव्याला तिकडे पोरोंगा म्हणतात. दीडशे-दोनशे झाडांची एक वाट असते, त्या वाटेने प्रत्येक झाडाच्या सालीवर चाकूने तिरपी चीर द्यायची आणि खाली वाटी अडकवायची. दुपारी पुन्हा तीच वाट तुडवून वाट्या रित्या करायच्या. मग तो चीक धुरावर फिरवून फिरवून त्याचा गोळा बांधायचा. तो धूर छातीत जातो आणि छातीतच राहतो. चीर मात्र नेमकी हवी. खोल गेली तर झाड मरते, आणि झाड मेले तर उद्याची भाकरी मेली. म्हणून या माणसाला जंगलाची काळजी घ्या असे शिकवावे लागत नाही.

चिको यांना अक्षरओळख झाली ती वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास, आणि ती कथा आम्हाला या चरित्रातली सर्वांत मोलाची वाटते. एउक्लिदेस ताव्होरा नावाचा एक माणूस बोलिव्हियाच्या हद्दीजवळ जंगलात दडून राहत होता. तो मूळचा लष्करी अधिकारी. १९३५ सालच्या डाव्या उठावात सामील झाल्याबद्दल त्याला तुरुंगवास झाला. तिथून निसटून तो बोलिव्हियात गेला, १९५२ च्या तिथल्या क्रांतीत उतरला, आणि तिथेही दिवस फिरल्यावर या जंगलात येऊन रबरमजूर म्हणून राहू लागला. चिको यांच्या बापाशी त्याची ओळख झाली. पोरगा दर शनिवारी तीन तास जंगल तुडवत त्याच्या झोपडीवर जायचा. पुस्तके नव्हती, म्हणून कित्येक आठवडे जुनी वर्तमानपत्रे हाच धडा. पुढे ताव्होराने रेडिओ मिळवला. त्यावर मॉस्को, लंडन आणि अमेरिका अशा तीन ठिकाणच्या पोर्तुगीज बातम्या लागत. १९६४ साली ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा एकच घटना तीन केंद्रांवरून तीन तऱ्हांनी कशी सांगितली जाते हे या तरुणाने झोपडीत बसून ऐकले. बातमी सांगणारा कोण आहे ते आधी विचारायचे, हा धडा तेव्हा मिळाला. ताव्होराने त्यांना आणखी एक गोष्ट बजावली होती. हुकूमशाही कितीही टिकली तरी केव्हातरी संघटना निघतील. त्या सरकारच्या छत्राखाली असल्या तरी आत शिरा, बाहेर राहून नाक मुरडू नका. १९६५ च्या सुमारास ताव्होरा आजारी पडून उपचारासाठी निघून गेला, तो परत आला नाही. शिष्याने दहा वर्षे वाट पाहिली.

१९७० नंतर आक्रेत चित्र पालटले. रबराचा धंदा बुडाला होता, मालक कर्जबाजारी झाले होते. लष्करी सरकारने दक्षिणेतल्या धनिकांना सवलती देऊन इकडे बोलावले. मालकांनी जंगले विकली, आणि आत राहणाऱ्या माणसांसकट विकली. नवा खरेदीदार यायचा तो गुरांची कुरणे करायला. त्याला रबर नको, मजूर नको, झाडेही नकोत. आधी यांत्रिक करवती आत जात. महोगनी आणि सीडरसारखी किमती लाकडे निवडून आरा गिरणीकडे रवाना होत, उरलेले जंगल कोरड्या महिन्यांत पेटवून देत. मजुरांच्या झोपड्याही त्यात जळत. ब्राझील-नट देणारे उंच वृक्ष तोडायला कायद्याने बंदी होती, म्हणून ते तेवढे जळक्या कुरणात एकटे उभे ठेवत. परागकण नेणाऱ्या माश्या जंगलाबरोबर गेलेल्या, त्यामुळे त्या झाडांना फळ धरत नसे. कायदा पाळला गेला आणि झाडही मेले! कागदावरच्या संरक्षणाचा याहून बोलका नमुना आम्ही पाहिलेला नाही.

१९७५ साली ब्राझिलेया गावात ग्रामीण कामगारांची संघटना निघाली. चिको तिचे चिटणीस झाले. अध्यक्ष पुढे विल्सन पिन्येरो नावाचा धिप्पाड रबरमजूर झाला. १९७६ साली या लोकांनी एक मार्ग काढला, त्याचे नाव एम्पाते. म्हणजे अडवणूक, कोंडी. करवतवाले कुठे येणार ही खबर लागली की शे-दोनशे माणसे, बायका-पोरांसह, जंगल तुडवत तिथे जायची आणि झाडांच्या व करवतींच्या मध्ये उभी राहायची. बायका आणि मुले पुढे, कारण त्यांच्यावर गोळी झाडायला शिपाईही कचरतो. करवत चालवणारेही बहुतेक गरीबच, रोजंदारीवर आणलेले. त्यांना मारझोड नाही. त्यांना समजवायचे, की आज आमचे घर जाते आहे, काम संपले की उद्या तुम्हीही रस्त्यावर याल. कित्येकदा ते करवती खाली ठेवून निघून जात.

सगळेच एम्पाते यशस्वी झाले असे कुणी समजू नये. चिको स्वतः हिशेब सांगत तो असा, की एकूण ४५ वेळा आम्ही उभे राहिलो, त्यात ३० वेळा हरलो आणि १५ वेळा जिंकलो. हा आकडा आम्हाला फार प्रामाणिक वाटतो. पराभव मोजून सांगणारे पुढारी फार थोडे असतात. पण त्या १५ विजयांनी, त्यांच्याच अंदाजानुसार, सुमारे १२ लाख हेक्टर जंगल उभे राहिले.

किंमतही तशीच मोजावी लागली. २१ जुलै १९८० रोजी संध्याकाळी विल्सन पिन्येरो संघटनेच्या कचेरीत दूरदर्शन पाहत बसले असताना त्यांना गोळ्या घालून ठार केले. आठवडा गेला, पोलिसांनी काही केले नाही. संतापलेल्या मजुरांनी एका कुरणाच्या व्यवस्थापकाला मारले. आता मात्र पोलीस चोवीस तासांत हलले. शेकडो मजूर पकडले, अनेकांचे हाल केले. निषेध सभेत भाषणे केली म्हणून चिको मेंडिस आणि पुढे ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष झालेले लुला या दोघांवर राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली खटला भरला. १९८४ साली ते सुटले. मालकाच्या माणसाचा खून आणि मजुराच्या पुढाऱ्याचा खून यांना दोन वेगळे कायदे असतात, हे आमच्या वाचकांना नवे नाही.

चिको १९७७ साली शापुरीच्या नगरपालिकेवर निवडून आले होते. १९७९ साली त्यांनी पालिकेच्या सभागृहात मजुरांची सभा भरवली, त्यावरून त्यांना गुप्तपणे पकडून छळ केला गेला. १९८० साली ते लुलांच्या कामगार पक्षात गेले. राज्याच्या विधानसभेसाठी दोनदा उभे राहिले, दोन्ही वेळा पडले. एम्पातेला येणारे हात मतपेटीकडे वळतातच असे नाही, हे दुखणे तिकडेही होते.

या सगळ्या धकाधकीत १९८१ पासून त्यांनी जंगलात शाळा काढल्या. मेरी अलेग्रेती या मानववंशशास्त्रज्ञ आणि काही शहरी शिक्षक त्यांच्या मदतीला आले. प्रौढ मजुरांसाठी जी पहिली वाचनपाठाची पुस्तिका निघाली तिचे नाव पोरोंगा, म्हणजे अंधारात वाट दाखवणारा तो डोक्यावरचा दिवा. वजनकाट्याचे गणित आणि वहीतले कर्ज हेच त्या शाळेतले विषय. ज्या गोष्टीसाठी मालकांनी तीन पिढ्या शाळा निघू दिली नाही, ती गोष्ट पहिल्याच पुस्तिकेत आली.

ऑक्टोबर १९८५ मध्ये राजधानी ब्राझीलियात रबरमजुरांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि तिथून राष्ट्रीय रबरमजूर परिषद ही संघटना उभी राहिली. तिथेच एक नवी कल्पना मांडली गेली. जमिनीचे तुकडे करून सातबारा हातात देणे इथे उपयोगाचे नाही. एका कुटुंबाची चिकाची वाट तीनशे हेक्टरांत फिरते, तिचे तुकडे कसे पाडणार? जमीन सरकारची राहील, विकता येणार नाही, पण वापराचा हक्क तिथे राहणाऱ्या समूहाचा. चीक काढा, नट गोळा करा, थोडी शेती करा, जंगल उभे ठेवा. याला वनोपज राखीव क्षेत्र म्हणू. ही कल्पना आदिवासींच्या राखीव प्रदेशांवरून सुचली होती, आणि यातच चिको यांचे सर्वांत मोठे राजकीय काम आहे. पूर्वी रबर मालकांनी याच मजुरांच्या हाती बंदुका देऊन आदिवासींच्या वस्त्या मारून काढल्या होत्या. दोन गरिबांमध्ये रक्ताचे वैर होते. ते वैर मिटवून आयल्तोन क्रेनाक यांच्यासारख्या आदिवासी पुढाऱ्यांबरोबर त्यांनी वनवासी जनतेची आघाडी बांधली. (वनवासी या शब्दाचे आपल्याकडे काय करून ठेवले आहे ते आम्हाला माहीत आहे. इथे अर्थ फक्त जंगलात राहणारे सगळे.) ज्यांना एकमेकांविरुद्ध वापरले ते एकत्र आले, की वापरणाऱ्याची झोप उडते.

मार्च १९८७ मध्ये चिको अमेरिकेतील मायामीला आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या बैठकीला जाऊन धडकले. ही बँक आक्रेकडे जाणाऱ्या महामार्गाला पैसा देत होती. शेजारच्या रोंदोनिया राज्यात तोच रस्ता पोहोचला तेव्हा लाकूडवाले आणि कुरणवाले मागोमाग शिरून जंगल फस्त झाले होते. बँकेने कर्ज रोखले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला. परदेशात सत्कार झाला आणि घरी त्यांना विकासाचा शत्रू ठरवण्यात आले.

१९८८ साली दार्ली आल्व्हेस दा सिल्व्हा नावाच्या कुरणमालकाने काशोएरा या रबर-जंगलावर हक्क सांगितला. चिको तिथेच लहानाचे मोठे झाले होते. मजुरांनी एम्पाते करून त्याला आत येऊ दिले नाही आणि सरकारने ती जमीन संपादन करून मजुरांसाठी राखली. दार्लीविरुद्ध पाराना राज्यातील एका जुन्या खुनाचे अटक वॉरंट होते. चिको यांच्या बाजूने ते शोधून पोलिसांकडे पोहोचवले. पोलिसांनी ते दाबून ठेवले आणि आरोपीला आधी कळले. चिको यांनी आपल्याला कोण मारणार हे नावांनिशी जाहीरपणे सांगितले, अधिकाऱ्यांना कळवले. सरकारने दोन शिपाई दिले. २२ डिसेंबरच्या संध्याकाळी ते शिपाई स्वयंपाकघरात सोंगट्यांचा खेळ खेळत होते. चिको टॉवेल खांद्यावर टाकून परसातल्या न्हाणीकडे जायला मागचे दार उघडतात तोच अंधारातून छर्र्याच्या बंदुकीचा बार झाला. चव्वेचाळीस वर्षे पूर्ण होऊन एकच आठवडा झाला होता. घरात पत्नी इल्झामार आणि दोन लहान मुले होती.

डिसेंबर १९९० मध्ये दार्ली आणि गोळी झाडणारा त्याचा मुलगा दार्सी यांना प्रत्येकी १९ वर्षांची शिक्षा झाली. १९९३ साली दोघे तुरुंगातून पळाले, १९९६ साली पुन्हा सापडले. मार्च १९९० मध्ये साडेनऊ लाखांहून अधिक हेक्टरांचे चिको मेंडिस राखीव क्षेत्र जाहीर झाले.

आता लाकडाकडे वळू, कारण चिको गेल्यावर करवती थांबल्या नाहीत. महोगनी हे नाव आपल्याकडे श्रीमंतांच्या कपाटामुळे माहीत होते, हल्ली बांधावर रोपे लावा म्हणणाऱ्या जाहिरातींमुळे गावोगाव माहीत झाले आहे. अ‍ॅमेझॉनमध्ये हे झाड रांगेने उगवत नाही. कित्येक हेक्टरांत एखादे सापडते. त्या एका झाडासाठी मैलोगणती रस्ता पाडतात, झाड जाते, रस्ता राहतो. त्या रस्त्याने मग बाकीचे येतात. दुर्मीळ होत चाललेल्या जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत महोगनी घालायला आधीच्या परिषदांत ब्राझील सरकारनेच विरोध केला. अखेर २००२ साली चिलीतील सांतियागोच्या परिषदेत निर्णय झाला आणि नोव्हेंबर २००३ पासून परवान्याशिवाय निर्यात बंद झाली. मग लाकूडवाले इपे या दुसऱ्या कठीण लाकडाकडे वळले. न्यूयॉर्कच्या समुद्रकाठच्या फळ्यांच्या रस्त्याला ते वापरले गेले. इपेला त्याच यादीत संरक्षण द्यायचे २०२२ साली पनामात ठरले आणि ते नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाले. एक जात वाचवेपर्यंत दुसरी संपत येते.

चोरी होते कशी? रात्री गुपचूप ट्रक नेऊन नव्हे. चोरी कागदावर होते. एखाद्याने आपल्या परवानगीच्या जंगलात इपेची शंभर झाडे आहेत असे लिहून द्यायचे, प्रत्यक्षात असायची दहा. उरलेल्या नव्वद झाडांचा वाहतुकीचा कोटा कागदावर तयार झाला. मग आदिवासींच्या राखीव प्रदेशातून तोडलेले लाकूड त्या कोट्यावर चढवायचे. आरा गिरणीतून बाहेर पडताना ते कायदेशीर असते. पूर्वी यासाठी छापील परवाने होते, ते विकले जायचे. २००५ च्या कुरुपिरा मोहिमेत खुद्द पर्यावरण खात्याचे अधिकारी गजाआड गेले. २००६ साली संगणकावरची पद्धत आली. कागद गेला, लबाडी संगणकात गेली. हे सारे घडत असताना पर्यावरण मंत्रिपदी २००३ ते २००८ मरीना सिल्व्हा होत्या. आक्रेच्या रबर-जंगलात जन्मलेल्या, सोळाव्या वर्षापर्यंत अक्षर न ओळखणाऱ्या, चिको यांच्या सोबत एम्पातेत उभ्या राहिलेल्या. त्यांच्या काळात जंगलतोड बरीच घटली.

पुढे २०१९ साली रिकार्दो सालेस हे पर्यावरण मंत्री झाले. त्या फेब्रुवारीत दूरदर्शनच्या मुलाखतीत त्यांनी चिको मेंडिस कोण होते याने आज काय फरक पडतो, अशा अर्थाचे उद्गार काढले. मे २०२१ मध्ये लाकडाच्या बेकायदा निर्यातीच्या तपासात पोलिसांनी याच मंत्र्याच्या ठिकाणांवर छापे घातले. त्यांनी आरोप नाकारले आणि जूनमध्ये राजीनामा दिला. तपासाचा धागा अमेरिकेच्या बंदरात अडवलेल्या लाकडापासून सुरू झाला होता.

हाच वाहतूक परवाना आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने मागितला, ही गोष्ट आम्हाला इथे आठवते. वनहक्क कायदा २००६ चा. २००९ साली गावाला सुमारे १८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकायला परवाना वनखात्याचाच. २०११ साली परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तिकडे जो कागद चोराचे हत्यार झाला, तोच इथे मालकीची खूण झाला. फरक एवढाच, की लिहिणारा हात कोणाचा.

चिको यांच्या नावाच्या राखीव क्षेत्राचीही आजची हकीकत आम्ही लपवणार नाही. रबराला भाव नाही. २००८ साली शापुरीत जंगलाच्या चिकापासून निरोध बनवणारा सरकारी कारखाना निघाला तेव्हा काही काळ आशा वाटली. काशोएरात तर २००० नंतर मजुरांनीच सरकारी योजनेखाली मोजून-मापून झाडे तोडून विकायला घेतली. ज्या जंगलासाठी एम्पाते झाला तिथेच करवत चालावी की नाही, यावर घराघरांत वाद झाले आणि ते मिटलेले नाहीत. बाकीच्यांनी गुरे पाळली. गाय कधीही विकता येते, दवाखान्याच्या दिवशी पैसा देते. चिकाचा गोळा तसे देत नाही. ठरलेल्या मर्यादेपेक्षा कित्येकांनी जंगल साफ केले, बाहेरच्यांनी आत जमिनी विकत घेतल्या. जून २०२५ मध्ये सरकारी पथके बेकायदा गुरे बाहेर काढायला आली, तेव्हा शापुरी भागात तिथल्याच काही रहिवाशांनी रस्ता अडवून त्यांना विरोध केला.